वाचन सुरू आहे

दारव्हा,
११ नोव्हेंबर २०२४

आरिफा,

नमस्कार. 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

इकडे सर्व ठीक. तिकडे तू, रिजवान आणि सूनबाई ठीक असाल. थंडी सुरू झाली आहे. स्टँडजवळ कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि भाजी आणायला मला पलीकडून वळसा घालावा लागतो. गुडघा तसाच. मी जेवते, झोपते, वर्तमानपत्र वाचते. कोणी विचारलं तर एवढंच सांगते, कारण एवढंच आहे.

हरिसिंग ९ ऑक्टोबरला गेले. सकाळी सात वाजता, चहा घेताना. कप हातातून सुटला तो गादीवर पडला, फुटला नाही. मी तो विसळून ठेवला आणि मग शेजारच्यांना हाक मारली. आधी कप का विसळला, मला सांगता येणार नाही. तांड्यावरच्या बाया आल्या, गळ्यात पडून सुरात रडल्या. मी रडले नाही. ते सगळ्यांना खटकलं. तेराव्याला तू आलीस, मंडपात शेवटच्या खुर्चीवर बसलीस आणि न जेवता नेरच्या बसनं परत गेलीस, तेही मी पाहिलं.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. त्यांच्या कार्डावर वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं होतं. ते जमा करायला गेले तर पायलनं घेतलं नाही. पायल म्हणजे तिथली ग्रंथपाल. तू नेरला गेलीस तेव्हा नुकतीच लागली होती. आपल्या वाचनालयाचा जुना नियम तुला माहीत आहे. वहीत अभिप्राय लिहिल्याशिवाय पुस्तक जमा होत नाही. मुदत वाढवून घ्यायची तरी वहीत ओळ लिहावी लागते.

"काकू, अभिप्राय लागते," पायल म्हणाली.

"वाचणारा गेला, बाई. अभिप्राय वरून मागवू काय?"

ती बिचारी लाल झाली. "तसं नाही काकू. तुम्हीच लिहा ना दोन ओळी. कमिटीवाले वही तपासतात."

"मी वाचलं नाही."

"मग वाचून घ्या. तीस तारखेपर्यंत चालते."

म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी 'मिठाच्या गोणीतलं गुपित' नावाचं चारशे पानांचं पुस्तक वाचायला घेतलं. ऐक. औरंगजेबाच्या फौजेला मीठ आणि धान्य पुरवणारा एक लमाणांचा तांडा. त्यातल्या एका गोणीत राजमुद्रा. त्या मुद्रेवर डोळा असलेली एक गुप्त संघटना, ती तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे, मंत्र्यासंत्र्यांपासून वेधशाळेपर्यंत सगळीकडे तिची माणसं. आणि पुण्याचा एक प्राध्यापक, त्याला एका लमाण म्हातारीच्या घागऱ्यावरच्या आरशांच्या नक्षीत खजिन्याचा नकाशा सापडतो!

माझ्या आईचा, याडीचा घागरा अजून माझ्या पेटीत आहे. त्यावर आरसे आहेत, कवड्या आहेत आणि डाव्या बाजूला एक ठिगळ आहे. नकाशा नाही. तिनं तो टाचला तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे धाकट्या जावेपेक्षा तो चांगला दिसला पाहिजे. लेखकानं आमच्या तांड्यावरच्या एखाद्या गोर बाईला विचारलं असतं तर अर्धं पुस्तक वाचलं असतं, आणि कागदही. बैल पान ४० वर दोन हजार आहेत, पान ४३ वर नव्वद. मध्ये कोणी खाल्ले ते सांगितलेलं नाही.

आणि सर्वांत कहर म्हणजे यात एक ख्रिस्ती जोगीण आहे, गोव्याहून आलेली, जी सरदारांना मोजून मोजून विष देते. मला आपली मिशनच्या होस्टेलची सिस्टर आठवली. जिला चाळीस मुलींच्या वरणात मीठ किती घालायचं ते सोळा वर्षांत कळलं नाही, ती विष काय मोजणार?

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला कागद चिकटवून पायल त्यावर निवडक अभिप्राय उतरवून ठेवते, पुढच्या वाचकांना कळावं म्हणून. ते मी पुस्तकापेक्षा लक्षपूर्वक वाचले. लखीराम जाधव लिहितात, "लई थरारक. म्हशीचं दूध काढायचं राहून गेलं." हंसाबाई राठोड लिहितात, "पान १३२ वर हळद सांडलेली आहे. ती माझ्याकडून नाही." आणि रामधन पवार, जे शाळामास्तर होते आणि ज्यांनी दोन पिढ्यांना इतिहास शिकवला, ते लिहितात, "हे सर्व खरे आहे. वरच्या लोकांना माहीत आहे, पण सांगत नाहीत."

वरच्या लोकांना! आरिफा, तू आणि मी अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. त्यातली पहिली सतरा-अठरा तर बोर्डावर, कानाला हेडफोन लावून. कलेक्टरपासून कापसाच्या दलालापर्यंत सगळ्यांचे कॉल आपल्या हातून गेले. ऐकायचं नाही हा नियम होता आणि आपण तो पाळला, तरी लाइन लागली की नाही ते पाहताना दोन-चार वाक्यं कानात पडायचीच. एकदा तरी कट ऐकलास का तू? मी नाही ऐकला. बी-बियाणं, बदली, लग्न, कोणीतरी सिरीयस आहे, लवकर निघा. लोकांमध्ये कट करण्याइतकी शिस्त नसते. हरिसिंगांना मी हे हजारदा सांगितलं. ते हसायचे आणि पुढचं भंगार पुस्तक घेऊन यायचे.

पुस्तकात पान २१४ वर त्यांनी खूण ठेवली आहे. एसटीचं जुनं कागदी तिकीट, कंडक्टर होते तेव्हाचं. मी तिथपर्यंत वाचलं. पुढे वाचवत नाही. कंटाळा, दुसरं काही नाही.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत मी तुला त्यांच्या फोनवरून फोन करून सांगितलं की, या नंबरवर पुन्हा फोन करू नको. "काहून?" तू विचारलंस. "तुले माहीत हाये," मी म्हटलं. तू थोडा वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, "ठीक हाये, लिली." होस्टेलमधलं तेच नाव. ते गप्प राहणं मी कबुली म्हणून घेतलं. अजूनही तसंच घेते.

रोज दुपारी तीन वाजता, मी झोपले की, ते मागच्या अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर पुस्तक उघडं, कानात इअरफोनची वायर. फोनमध्ये तुझं नाव. एकेचाळीस मिनिटं, अडतीस मिनिटं, पन्नास मिनिटं. मध्येच हसायचे. एकदा मी मागच्या दारात गेले तर फोनवर म्हणाले, "थांब, उठली वाटते ती." माझ्याशी सबंध दिवसात त्यांचं चाळीस मिनिटं बोलणं होत नसे.

मी त्यांना काहीही विचारलं नाही. दुसऱ्याच्या लाइनवर मी आयुष्यात कान दिला नाही, घरात कुठून देणार? तुझा नंबर त्यांच्या फोनमधून खोडला, येणारा कॉल बंद केला, संपलं.

आता ते नाहीत, म्हणून विचारते. रोज काय बोलणं चालायचं? उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. माझं काही अडलेलं नाही.

श्रीमती लाली हरिसिंग चव्हाण


दारव्हा,
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आरिफा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "लाइनवरचं मी सांगत नाही, लिली. वाचनालयाची वही वाच." एवढंच. कुशल नाही, सही नाही. पोस्टमन म्हणाला, या वर्षात त्यानं वाटलेलं हे तिसरंच पोस्टकार्ड.

मी दोन दिवस ते टीव्हीवर ठेवलं आणि धूळ पुसताना उचलून परत तिथंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी गेले.

पायलला म्हटलं, काकांनी काय काय लिहिलं ते पाहायचं आहे. तिनं मागच्या वर्षीची आणि यंदाची अशा दोन्ही वह्या काढल्या, खिडकीशी खुर्ची दिली आणि आपल्या कामाला लागली. मी चष्मा पुसला.

त्यांचं अक्षर लगेच सापडलं, कारण ते ओळ सोडून खाली उतरत गेलेलं आहे. शब्दावर शब्द चढलेले. घरी दुधाच्या कॅलेंडरवर ते असंच लिहायचे आणि मी म्हणायची, "अक्षर आहे की घाटातली एसटी?"

काही नोंदी उतरवून देते. तुला कदाचित माहीत नसतील.

मार्च २०२३, किल्ल्याच्या भुयाराची कादंबरी: "ऐकायला उत्तम. लढाईचे प्रसंग थोडे लांबले. वाचणारीला दम लागत होता."

जून: "किल्लेदारच फितूर निघाला. मी आधीच ओळखलं होतं. वाचणारी म्हणते ओळखलं नव्हतं, उगाच सांगता."

सप्टेंबर: "खलनायक फार जमला. वाचणारी त्याचा आवाज नाकातून काढते."

ही शेवटची ओळ वाचली आणि मला होस्टेलचं जेवणघर दिसलं. जेवताना कोणी बोलायचं नाही, आपण दोघींनी उभं राहून वाचायचं. राजा, राणी, देवदूत माझ्याकडे. सैतान नेहमी तुझ्याकडे, आणि तू तो नाकातून वाचायचीस. चाळीस मुली ताटात तोंड घालून हसायच्या.

वही मांडीवर ठेवली. मग पायलला हाक मारली.

"ही वाचणारी कोण?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिची थट्टा करते आहे. "आरिफा मावशी ना, काकू. काका इथून पुस्तक न्यायचे, मावशी नेरच्या लायब्ररीतून तेच पुस्तक घ्यायची. मीच फोन करून विचारत होती, तिकडं हाये का म्हणून. तिकडं असलं तरच काका इथलं न्यायचे."

"फोनवर वाचत होती, तर यांना पुस्तक कशाला लागायचं?"

"हातात पाह्यजे म्हणे. हात रिकामा दिसला तर घरी समजून जाईन."

"काय समजून जाईल?"

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "काकू, मले वाटलं तुम्हाले माहीत हाये. काकाले वाचता येत नव्हतं ना. डोळ्यानं."

मी "हो हो, माहीत आहे" असं म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. काही कळत नाही असं कोणापुढे कबूल करायची मला सवय नाही.

घरी येऊन त्यांची पत्र्याची पेटी उघडली, ज्यात ते जुनी तिकिटं ठेवायचे. तळाशी यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद. डिसेंबर २०२२. काचबिंदू, दोन्ही डोळे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून जपावी. थेंबांच्या चार बाटल्या, शेवटची अर्धी. त्या दिवशी ते मला सांगून गेले होते की, पेन्शनचं काम आहे.

मी त्या घरात होते, आरिफा. त्याच घरात. ताट वाढलं की ते आधी ताटात बोटं फिरवायचे, भाजी कुठे, ठेचा कुठे, आणि मग घास घ्यायचे. मी म्हणायची, "विष नाही घातलं, जेवा." पेपर समोर धरून बसायचे आणि मी बातमी विचारली की म्हणायचे, "रोजचंच आहे." रस्त्यावर माझ्या अर्धं पाऊल मागे चालायचे. मला वाटे, वय झालं.

मला का सांगितलं नाही, हे तू त्यांना विचारलं असशील. त्यांनी काय उत्तर दिलं ते मी तुला विचारत नाही, कारण मला ठाऊक आहे. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना एक वाक्य किती वेळा ऐकवलं असेल? "या भंगारानं एक दिवस डोळे फुटतील तुमचे." पाहुण्यांसमोर, भाच्यांसमोर, तुझ्यासमोर. लोक हसायचे, म्हणून मी पुन्हा म्हणायची. मग एक दिवस डॉक्टरनं तेच सांगितलं. असा माणूस घरी येऊन काय सांगणार होता?

यंदाच्या वहीत फेब्रुवारीत एकच नोंद आहे. ही तू वाचावीस म्हणून आहे तशी देते.

"मिठाच्या गोणीचं पुस्तक सुरू केलं. तांड्याचं आहे म्हणून जास्त उत्सुकता. घरीही वाचणारी आहे. तिचा आवाज आरिफाबाईंपेक्षा चांगला, माफ करा. डेपोतून ट्रंक कॉल लावायचो तेव्हापासून माहीत आहे. पण तिला ही पुस्तकं चालत नाहीत. तिला चिडवायला मजा येते, मागायला हिंमत होत नाही."

यानंतर माझा तो फोन तुला आला.

पुढच्या नोंदी मार्चपासूनच्या आहेत. दर पंधरा दिवसांनी एक, मुदत वाढवून घेतल्याच्या. पंधरा नोंदी. सगळ्या सारख्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी खाली उतरलेली.

"वाचन सुरू आहे."

"वाचन सुरू आहे."

सात महिने. पायल म्हणते, ती त्यांना दुसरं पुस्तक घ्या म्हणायची, तर म्हणायचे, हे पुरं होऊ दे. तीन वाजता ते अंगणात जाऊन बसतच होते. पुस्तक मांडीवर, फोन पुस्तकावर. वायर कानात घालत नसत आता, एवढाच फरक. मी खिडकीतून पाहायची आणि मला बरं वाटायचं. हेही लिहून टाकते. मला बरं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एकदाच विचारलं होतं. मी तांदूळ निवडत होते. "आरिफाची तब्येत बरी हाये ना?" मी मान वर केली नाही. "मले काय माहीत." ते अंगणात गेले. त्यांना वाटलं असेल, तू आजारी आहेस, किंवा कंटाळलीस. नेरला येऊन विचारता आलं नसतं त्यांना एकट्यानं. पुन्हा कधी तुझं नाव काढलं नाही.

मी या लेखकाला काय काय म्हटलं मागच्या पत्रात! तीन गोष्टी समोर ठेवायच्या, मधलं काही माहीत नसताना त्यांना जोडायचं, आणि मग ठणकावून सांगायचं की हे सगळं खरं आहे, यांना माहीत आहे, पण सांगत नाहीत. फोनमधलं नाव, त्यांचं हसणं, "थांब, उठली वाटते ती". त्याला निदान चारशे पानं लागली.

तू मात्र नियम पाळलास. फेब्रुवारीत "ठीक हाये" म्हणालीस तेव्हा दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. तेराव्यालाही. तू सांगितलं नाहीस, कारण त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. मला तुझा रागही येतो आहे, खोटं कशाला बोलू? इतकं काय ते पाळायचं! पण मीही तोच नियम पाळला आणि त्यांना एक प्रश्न विचारला नाही. एकाच बोर्डावर शिकलो आपण.

माफी मागायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. शब्द लिहिला की तो सिस्टरनं फळ्यावरून शंभरदा उतरवून घेतल्यासारखा दिसतो. अजून रडू आलेलं नाही. काल त्यांचा स्वेटर धुतला, वाळत घातला, घडी केली. काही झालं नाही. आत सगळं बोर्ड बंद पडल्यासारखं आहे, एकही दिवा लागत नाही.

पण पुस्तक तीस तारखेला द्यायचं आहे. पायलला विचारून नेरच्या वाचनालयात चौकशी केली. तिथली प्रत तू मार्चमध्ये परत केलीस आणि नंतर नेली नाहीस. म्हणजे पान २१४ च्या पुढे काय झालं ते तुलाही माहीत नाही. ते तिकीट बरोबर जागेवर आहे का, एवढं तू मला सांगू शकशील. ते न पाहता अंगठ्यानं पानं मोजायचे, तिकिटं मोजत तशी. मला वाटतं बरोबर असेल. तांड्याचा नायक गोणी उघडायला सांगतो आणि बायका नकार देतात, तिथं.

तुझा नंबर मी त्यांच्या फोनमध्ये पुन्हा लिहिला आहे. येणारा कॉल सुरू केला आहे. हे पत्र तुला उद्या, फार तर परवा मिळेल. त्यानंतर रोज दुपारी तीन वाजता मी मागच्या अंगणात त्यांच्या खुर्चीवर बसेन. तू फोन लाव. ख्यालीखुशाली विचारू नकोस, मलाही बोलायला लावू नकोस. या वेळी वाचीन मी. तू फक्त लाइन धरून ठेव. ती जोगीण मला नाकातून जमणार नाही, तेवढं तू सांभाळून घे.

तीस तारखेपर्यंत एकशे शहाऐंशी पानं होणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून आज वाचनालयात जाऊन मुदत वाढवून घेतली. पायलनं वही समोर केली. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती. अभिप्राय मी नंतर देईन. आज तिथं लिहिलं,

वाचन सुरू आहे.

तुझी,
लिली